साध्या टोपलीचा नियम

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे समजण्यात काही चूक असेल तर तुमच्या लक्षात येईल. डोंबिवलीतल्या तुमच्या गृहसंकुलात दीड वर्षापूर्वी मदत गट सुरू झाला. अकरा घरांना दर महिन्याचा किराणा, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना औषधं आणि डॉक्टरकडे जायला सोबत, कुणाकडे वाईट प्रसंग आला तर धावपळ. सुरुवातीला बावीस जण होते, आता पाच उरलेत. किराणा घेणाऱ्यांपैकी दोन घरं ‘पुढच्या महिन्यापासून नको’ म्हणाली. आणि एक निवृत्त गृहस्थ, ज्यांना सगळ्यांत जास्त गरज आहे असं तुम्हाला वाटतं, ते दारच उघडत नाहीत. ज्यू समाजात दयेला आणि एकमेकांच्या काळजीला फार जुनी शिस्त आहे असं तुम्ही ऐकलंत, आणि त्यातलं आपल्याला काय घेता येईल, असं विचारलंत.

मी बेने इस्राएल आहे, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंपैकी. घराणं अलिबागकडचं, वाढले भायखळ्यात, आता ठाण्यात राहते. एकतीस वर्षं रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक म्हणून काम केलं, आणि आमच्यातल्या बायकांना अंत्यस्नान घालणाऱ्या गटात त्याही आधीपासून आहे. त्यामुळे सांगते ते निम्मं पोथीतलं आणि निम्मं वॉर्डातलं आहे.

सुरुवात एका शब्दापासून करावी लागेल. गरजूला जे द्यायचं त्याला हिब्रूत ‘त्सेदाका’ म्हणतात. मराठीत त्याचं भाषांतर सगळे ‘दान’ असं करतात आणि तिथेच घोटाळा होतो. त्सेदाका हा शब्द ‘त्सेदेक’वरून आलाय, आणि त्सेदेक म्हणजे न्याय. तोराहमध्ये, म्हणजे आमच्या मूळ धर्मग्रंथात, शेतकऱ्याला सांगितलंय की कापणी करताना शेताचा कोपरा कापू नकोस, खाली पडलेली कणसं उचलू नकोस, एखादी पेंढी शेतात विसरलास तर ती आणायला परत फिरू नकोस. ते सगळं गरिबाचं, विधवेचं, परक्याचं. यात मालक कुणाला बोलावून ओंजळीत काही घालत नाही. गरीब माणूस शेतात येतो, वाकून स्वतःच्या हातांनी कापतो, डोक्यावर घेऊन जातो. त्याने कुणाला धन्यवाद म्हणायचं कारणच नाही, कारण तो कोपरा मालकाचा कधी नव्हताच. तुमच्या गटाने माझ्याकडून एकच गोष्ट घ्यायची ठरवली तर ही घ्या: घेणाऱ्याची मान खाली जाणार नाही अशी व्यवस्था आधी, बाकी सगळं नंतर.

दयेसाठी वेगळा शब्द आहे, ‘रहामीम’. गर्भाशयाला हिब्रूत ‘रेहेम’ म्हणतात, त्याच धातूतला हा शब्द. आपण मराठीत ‘आतडं तुटतं’ म्हणतो, त्याच्या फार जवळचा. मुंबईतलं आमचं सगळ्यांत जुनं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनाघर, मांडवीतलं १७९६ सालचं, त्याचं नाव ‘शार हारहामीम’, म्हणजे दयेचं द्वार. आमच्यात सांगतात की ते बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर इंग्रजांच्या फौजेत होते आणि टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले. तुम्ही कोण, असं विचारल्यावर ‘बेने इस्राएल’ असं उत्तर आलं, तेव्हा टिपूच्या आईने, हे नाव कुराणात आहे म्हणून, त्यांच्या प्राणांची भीक मागितली. सुटून आल्यावर त्यांनी सिनेगॉग बांधलं. आमची जुनी माणसं सिनेगॉगला मशीदच म्हणायची, आणि मस्जिद बंदर स्टेशनचं नाव त्यावरूनच पडलं असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. मला या गोष्टीत आवडतं ते हे की आमचं दयेचं द्वार दुसऱ्या धर्माच्या एका आईच्या दयेवर उभं आहे.

पण आतडं तुटणं रोज होत नाही. बावीसांचे पाच झाले ते लोक वाईट होते म्हणून नव्हे. सुरुवातीला त्यांचं आतडं तुटलं, मग सवय झाली, मग मुलांच्या परीक्षा आल्या. आमच्या पूर्वजांना हे चांगलं ठाऊक होतं. म्हणून त्यांनी रहामीमवर भिस्त ठेवली नाही, त्सेदाकाचे नियम केले.

आता टोपलीची गोष्ट. तालमूद नावाचा आमचा चर्चाग्रंथ आहे, कायदा, वाद, गोष्टी सगळं एकत्र. त्यात आठवण नोंदवलीय की पूर्वी ज्या घरात मृत्यू झाला त्या घरी शेजारी जेवण न्यायचे. श्रीमंत चांदी-सोन्याच्या ताटांतून न्यायचे आणि गरीब सोललेल्या फांद्यांच्या टोपल्यांतून. गरिबांना लाज वाटायची. मग ठरवलं की सगळ्यांनी, श्रीमंतांनीसुद्धा, त्या फांद्यांच्या टोपल्यांतूनच न्यायचं. पुढे आणखी कडक गोष्ट आहे. प्रेताला महागाची वस्त्रं घालायची रीत इतकी वाढली की नातेवाइकांना मरणापेक्षा तो खर्च जड व्हायला लागला, आणि काही जण प्रेत तसंच टाकून पळून जायला लागले. तेव्हा रब्बान गामलिएल या फार मोठ्या पदाच्या माणसाने सांगून ठेवलं की मला साध्या लिननच्या कापडात न्या. त्यांना तसं नेल्यावर मागून सगळ्यांनी तेच धरलं.

यातली मेख लक्षात घ्या. गरिबांना चांदीची ताटं पुरवायची असं ठरलं नाही. श्रीमंतांनी टोपली घ्यायची असं ठरलं. वरच्याने खाली यायचं, तेही दया म्हणून नव्हे, नियम म्हणून.

तुमच्या गटाकडे या डोळ्यांनी पाहा. तुम्ही लिहिलंय की किराणा गटाच्या नावाची पिवळी पिशवी भरून दिला जातो आणि ‘पारदर्शकतेसाठी’ फोटो व्हॉट्सॲपवर टाकतात. त्या पिवळ्या पिशवीचं काय होतं सांगू? लिफ्टमध्ये ती दिसली की सगळ्यांना कळतं. घरातली बारावीतली मुलगी ती पिशवी घेऊन जिना चढते, लिफ्ट घेत नाही. दोन घरांनी ‘नको’ म्हटलं ते माझ्या अंदाजाने किराण्याला नाही, पिशवीला.

यावर आमच्याकडे दोन उपाय जुने आहेत. जेरुसलेमच्या प्राचीन मंदिरात एक खोली होती, गुपितांची खोली म्हणायचे तिला. देणारे आत जाऊन गुपचूप ठेवून यायचे, चांगल्या घराण्यातले पण हलाखीत आलेले लोक आत जाऊन गुपचूप घेऊन यायचे. आत कोण कशासाठी गेलं, हे बाहेरच्याला कळत नसे. दुसरा उपाय गावच्या कुप्याचा. कुपा म्हणजे गल्ला. तो दोघांनी मिळून गोळा करायचा आणि तिघांनी मिळून वाटायचा. गोळा करायला दोघे, म्हणजे एकट्यावर संशय नको. वाटायला तिघे, कारण कुणाला किती हे ठरवणं न्यायनिवाड्यासारखं आहे आणि आमच्या न्यायपीठात किमान तिघे लागतात. इतकं बारीक की गल्ला गोळा करणाऱ्याला रस्त्यात पैसे सापडले, तरी ते त्याने तिथे स्वतःच्या खिशात घालायचे नाहीत, गल्ल्यात टाकायचे आणि घरी गेल्यावर काढून घ्यायचे. लोकांना शंका यायला जागा नको.

म्हणजे पारदर्शकता हवीच, पण ती पैशाची, माणसाची नव्हे. तुमच्याकडे असं करता येईल: संपूर्ण संकुलासाठी घाऊक किराणा मागवा, तेल, तूरडाळ, तांदूळ, साखर. ज्याला हवा त्याने नाव नोंदवायचं, सगळ्यांना एकाच तागाच्या पिशवीत. घाऊक भाव आहे म्हटल्यावर पैसेवालेही घेतील. पैसे कुणी किती भरले हे फक्त तिघांना माहीत, आणि त्या तिघांनी ते घरी नवऱ्याला किंवा बायकोलाही सांगायचं नाही. महिन्याअखेरीला किती जमले, किती गेले एवढाच आकडा सूचनाफलकावर लावा. आम्ही ठाण्यात सणाच्या सामानासाठी असंच करतो. पहिल्या वर्षी मला स्वतःला ती पिशवी उचलून रिक्षात ठेवताना बरं वाटलं होतं, कारण माझ्या पुढच्या बाईच्या हातातही तीच होती.

दाराबद्दलचा नियम तर मी रुग्णालयात येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलीला सांगायचे. तोराहमध्ये आहे: कुणाला उसने दिलेत आणि तारण घ्यायला गेलात, तर त्याच्या घरात शिरायचं नाही. बाहेर उभं राहायचं. तो आत जाऊन काय द्यायचं ते घेऊन येईल. आणि त्याने अंगावरचं पांघरूण तारण दिलं असेल तर सूर्य मावळायच्या आत परत करायचं, कारण तो रात्री काय पांघरणार? आता आपण गृहभेटीला जातो तेव्हा काय करतो आठवा. फ्रिज आहे का, टीव्ही केवढा आहे, कोपऱ्यात मुलाचा नवा बूट दिसतो का. नजर आपोआप फिरते. मीही फिरवलीय, आणि अर्जावर शेराही मारलाय. आज त्याची खंत वाटते. गरजेची खातरजमा करावी लागते, पण उंबऱ्याच्या आत माणूस बोलावेल तेव्हाच जावं, आणि बसायला सांगेल तिथे बसावं.

बाराव्या शतकात कॉर्दोबात जन्मलेले आणि पुढे इजिप्तमध्ये वैद्यकी करणारे मायमोनिडीज होऊन गेले, आम्ही त्यांना रम्बाम म्हणतो. त्यांनी देण्याच्या आठ पायऱ्या सांगितल्या. सगळ्या इथे देत नाही. सर्वांत खालची म्हणजे मनात नसताना, तोंड पाडून दिलेलं. मधल्या काही पायऱ्या कुणाला कुणाची ओळख आहे यावरून ठरतात. दोघांनाही एकमेकांचा पत्ता नसेल तर ती वरून दुसरी. पुण्यात आपण सहज म्हणतो ना, ‘ससूनला नेलं’? १८६७ साली सुरू झालेल्या त्या रुग्णालयाला बगदादहून मुंबईत आलेल्या डेव्हिड ससून या ज्यू व्यापाऱ्याचा पैसा लागला. आज तिथे खाटेवर असलेल्या माणसाला ते नाव कुणाचं हे बहुधा ठाऊक नसतं, आणि देणाऱ्याला तर तो माणूस ठाऊक असणं शक्यच नव्हतं.

पण सर्वांत वरची पायरी वेगळीच आहे: माणूस पडायच्या आत त्याचा हात धरणं. त्याला कर्ज द्या, भागीदारी द्या, काम द्या, म्हणजे त्याला मागावंच लागणार नाही. एक उदाहरण सांगते. एक गृहस्थ पंखे आणि मोटारी रिवाइंड करायचे. अर्धांगवायूने डावा पाय गेला, दुकानातली नोकरी गेली. सात महिने आम्ही त्यांना रेशन पोचवलं. सात महिन्यांत एकदाही आमच्यापैकी कुणी विचारलं नाही की तुमचे हात कसे आहेत. हात उत्तम होते. शेवटी त्यांच्याच मेहुण्याने सांगितलं. बसून काम करता येईल अशा उंचीचं टेबल, हाताने फिरवायचं वाइंडिंग यंत्र आणि तांब्याच्या तारेचं पहिलं रीळ एवढं उसने म्हणून दिलं. दोन इलेक्ट्रिकवाले त्यांच्या घरी पंखे पाठवायला लागले. पैसे चौदा महिन्यांत फिटले, आणि पुढच्या सणाला त्यांनी गल्ल्यात स्वतः पैसे टाकले. आमच्याकडे नियमच आहे की जो मदतीवर जगतो त्यानेही त्सेदाका द्यायची, थोडी का होईना. बाहेरून हा नियम निर्दयी वाटतो. त्या दिवशी गल्ल्यात नाणी पडल्याचा आवाज ऐकताना त्यांनी मान वर केली, तेव्हा मला तो खरा समजला.

आजाऱ्याच्या भेटीबद्दल तुम्ही फक्त एक ओळ लिहिलीय, पण मला इथे जास्त बोलायचंय. याला आमच्यात ‘बिकुर होलिम’ म्हणतात आणि ही पैसेवाल्याला आणि गरिबाला सारखीच लागू असलेली गोष्ट आहे. पैसा गरिबालाच लागतो, सोबत दोघांना लागते. गोष्ट रब्बी अकिवांची. रब्बी म्हणजे आमचे धर्मगुरू. त्यांचा एक शिष्य आजारी पडला. विद्वानांपैकी कुणी फिरकलं नाही. अकिवा स्वतः गेले. त्यांच्या येण्यामुळे तिथली जमीन झाडली गेली, पाणी शिंपडलं गेलं, आणि शिष्य म्हणाला, गुरुजी, तुम्ही मला जगवलंत. मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. झाडलोट आणि सडा. औषध नाही, उपदेश नाही. बाहेर येऊन अकिवांनी शिकवलं की जो आजाऱ्याला भेटायला जात नाही त्याच्या हातून जणू रक्त सांडतं.

माझ्या एका वॉर्डात मणक्याच्या क्षयाचा एक तरुण होता, तीन महिने पाठीवर. भेटायला कुणी नाही, बोलायचा बंद झाला होता. मी समुपदेशनाचे सगळे उपाय करून थकले. एक दिवस सुट्टीवरून परतलेल्या मावशींनी त्याच्या खाटेशेजारचं लॉकर रिकामं केलं, जुन्या गोळ्यांची रिकामी पाकिटं फेकली, चिकट झालेला पत्रा ओल्या फडक्याने पुसला, स्टीलचा तांब्या घासून त्यात ताजं पाणी भरलं आणि वर फुलपात्र पालथं घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने फणी मागितली. मी अकिवांची गोष्ट लहानपणापासून ऐकत होते, पण कळली त्या फणीमुळे.

तालमूद म्हणतं की भेटायला येणारा आजाऱ्याच्या दुखण्याचा साठावा भाग घेऊन जातो. मग लगेच तिथेच कुणी विचारतं, तर साठ माणसं पाठवा आणि बरा करा! उत्तर असं की प्रत्येक जण उरलेल्याचा साठावा भाग नेतो, म्हणजे दुखणं कमी होत जातं, पण शून्य कधी होत नाही. शिवाय भेटणारा त्याच्याच जोडीचा हवा. म्हणून म्हणते, त्र्याऐंशी वर्षांच्या आजोबांकडे कॉलेजातली मुलं पाठवता ते छान आहे, पण महिन्यातून दोनदा त्यांच्याच वयाचा कुणीतरी न्या, रिक्षाचं भाडं गटाने द्यावं. भेटीच्या वेळेबद्दलही सांगितलंय: दिवसाच्या अगदी पहिल्या प्रहरी जाऊ नका, तेव्हा आजारी माणूस ताजातवाना दिसतो आणि आपल्याला वाटतं, याला कशाला काळजी. अगदी शेवटी जाऊ नका, तेव्हा तो इतका थकलेला दिसतो की आपलीच आशा सुटते. आणि बसायचं त्याच्या उशाशी वर नाही, त्याच्या समोर, त्याच्या पातळीवर, कारण देवाचं सान्निध्य आजाऱ्याच्या डोक्याशी असतं. देव मानत नसाल तरी स्टूल ओढून बसा. उभ्याने विचारलेल्या ‘कसं वाटतंय?’ला सगळे ‘बरं आहे’ म्हणतात.

मृत्यूच्या घरी काय बोलावं कळत नाही, असं तुम्ही लिहिलंय. बोलू नका. आमच्याकडे सात दिवसांचा शोक असतो, ‘शिव्हा’. भेटायला जाणाऱ्याने शोक करणारा बोलेपर्यंत तोंड उघडायचं नाही. हा धडा आमच्या धर्मग्रंथातल्या, सगळं गमावलेल्या इयोबच्या मित्रांपासून घेतलाय. ते सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. पहिलं जेवण घरच्यांनी स्वतःचं खायचं नसतं, शेजाऱ्यांनी आणायचं. उकडलेली अंडी, मसूर, गोल पदार्थ. तुम्ही डाळभात न्या. डबा परत मागायचा नाही, सात दिवसांनी स्वतः जाऊन आणायचा. तेवढ्याने आणखी एक भेट होते, आणि आठव्या दिवशीच्या भेटीची गरज पहिल्या दिवसापेक्षा जास्त असते.

मृताची सेवा आमच्यात सगळ्यांत वरची मानतात, ‘खरी माया’ म्हणतात तिला, कारण त्याची परतफेड होऊच शकत नाही. आमचा कोकणातला इतिहासच तिथून सुरू होतो. परंपरा अशी की नवगावच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. पोथ्या बुडाल्या, सगळं गेलं. त्यांनी पहिलं काम केलं ते वाहून आलेली आपली माणसं पुरण्याचं. परक्या किनाऱ्यावर, भाषा येत नसताना. त्या किनाऱ्यावरच्या गावांनी त्यांना जागा दिली, तेलाच्या घाण्यावर काम दिलं, आणि मग आमचे रोहेकर, पेणकर, केहिमकर, झिराड झाले.

आमच्या गटात आम्ही चौघी-पाच जणी असतो. कोमट पाणी, तांब्या, पांढरं सुती कापड. देह पूर्ण वेळ झाकलेला असतो, जेवढा भाग धुवायचा तेवढाच उघडा करायचा आणि लगेच झाकायचा. देहावरून हात ओलांडून एकमेकींना वस्तू द्यायची नाही, वळसा घालून जायचं. गप्पा नाहीत. एकदा एका आजींच्या बोटावर अंगठीचा पांढरा वळ होता, अंगठी कधीच विकली गेली होती. मी तो वळ धुताना जरा थांबले, बाकीच्या थांबल्या, कुणी काही बोललं नाही. कफनाला खिसा नसतो. बँक अधिकाऱ्याच्या आईला आणि समाजाच्या मदतीवर जगलेल्या त्या आजींना एकाच ताग्यातलं कापड लागलं. शेवटी आम्ही मृताचं नाव घेऊन माफी मागतो: तुझा मान ठेवायचा प्रयत्न केला, काही कमी-जास्त झालं असेल तर क्षमा कर. मला वाटतं, जिवंत माणसाला मदत करून निघतानाही मनात हे वाक्य म्हणावं.

हे सगळं फक्त आपल्या लोकांपुरतं का, असा प्रश्न तुम्ही कंसात विचारलाय. कंसाची गरज नव्हती. तालमूदमध्ये स्पष्ट आहे: इतरांच्या गरिबांना आपल्या गरिबांबरोबर पोसा, त्यांच्या आजाऱ्यांना भेटा, त्यांच्या मृतांना माती द्या, शांततेच्या वाटांसाठी. ‘परक्याला छळू नका, तुम्ही मिसरमध्ये (इजिप्तमध्ये) परके होता’ हे तोराहमध्ये छत्तीस वेळा येतं, असं आमचे गुरू मोजून सांगतात. पण नियम असून माणसं चुकतात, हेही सांगते. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला इस्राएलमध्ये आमच्याच धर्मगुरूंनी बेने इस्राएल लोकांच्या विवाहांबाबत शंका घेतली, पूर्वजांची चौकशी लावली. माझे नातेवाईक तेव्हा तिकडे होते. लोकांनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं, १९६४ मध्ये त्यातून मार्ग निघाला. ज्यांची गावात ‘शनवार तेली’ म्हणून पत होती त्यांना आपल्यांनीच ‘तुम्ही नक्की कोण?’ विचारावं, याचं दुःख घरात पुष्कळ वर्षं राहिलं. म्हणून तुमच्या अर्जातला ‘मूळ गाव’ आणि ‘जात’ हा रकाना आजच काढून टाका. किराण्याला त्याची गरज नाही.

आता दमलेले पाच जण. शनवार तेली हे नाव आम्हाला शेजाऱ्यांनी दिलं, कारण शनिवारी आमचा घाणा बंद असायचा. गिऱ्हाईक आलं तरी बंद. पूर्वजांना जे थोडे नियम आठवत होते त्यांतला हा एक, आणि तो त्यांनी शेकडो वर्षं सोडला नाही. तुमच्या गटाचा घाणाही आठवड्यातून एक दिवस बंद ठेवा, पाचही जणांचा, आणि तसा फलक लावा. त्या दिवशी तातडीच्या कामासाठी गटाबाहेरच्या एकाचा फोन नंबर द्या; अशा एका दिवसासाठी ‘नाही’ म्हणणारी माणसं कमी असतात, आणि सोडून गेलेले सतराही याच वाटेने परत येतात.

रब्बी योहानान लोकांना आजारातून उठवत. एका आजाऱ्याला त्यांनी विचारलं, ही दुःखं तुला प्रिय आहेत का? तो म्हणाला, ती नकोत आणि त्यांचं पुण्यही नको. योहानान म्हणाले, हात दे. हात दिला आणि तो उठला. पुढे योहानान स्वतः आजारी पडले, तेव्हा दुसऱ्या रब्बींना येऊन त्यांना तेच विचारावं लागलं आणि हात द्यावा लागला. ग्रंथ विचारतो, त्यांनी स्वतःलाच का नाही उठवलं? उत्तर: कैदी स्वतःला तुरुंगातून सोडवू शकत नाही. तुमच्या पाचांपैकी ज्या ताईंच्या सासूबाई अंथरुणाला खिळल्यात, त्यांच्याकडे या महिन्यात गटाचं कोण गेलं? गटाची पहिली भेट तिथे व्हायला हवी.

राहता राहिले दार न उघडणारे गृहस्थ. तालमूदमध्ये या माणसाचीही चर्चा आहे: ज्याच्याकडे नाही, पण जो घेत नाही. रब्बी मेईर म्हणतात, त्याला उसने म्हणून द्या आणि परत मागू नका. पण मला वाटतं, तुमच्या गृहस्थांच्या बाबतीत त्याही आधीची पायरी शिल्लक आहे. तुम्ही लिहिलंय की ते छापखान्यात मुद्रितं तपासायचे. तुमच्या गटाचा हिशेब दीड वर्ष वेगवेगळ्या वह्यांत आणि फोनमध्ये पडलाय, आणि घाऊक किराणा सुरू केलात तर वाटणाऱ्या तिघांत एक काटेकोर, अबोल माणूस लागेलच. रविवारी एकट्याच जा. हातात पिशवी नको, हिशेबाची वही असू द्या. दार उघडेपर्यंत बाहेर थांबा, आणि सांगा की आमचं अडलंय. आत बोलावलं तर बसा, आणि चहा विचारला तर नको म्हणू नका, त्यांच्याच दुधाचा, त्यांच्याच साखरेचा, पूर्ण कप घ्या.